चालवणाऱ्याच्या पायाशी

बाबांचा कुत्रा गाडीत चढायला तयार नव्हता आणि कुत्रा चढल्याशिवाय बाबा चढायला तयार नव्हते. मी अंगणात उन्हात उभी, एका हातात कुत्र्याचा नवा पट्टा, दुसऱ्या हातात गाडीची चावी. डिचोलीहून निघताना नवऱ्याला सांगून आले होते, दुपारी जेवायला आम्ही घरी असू, बाबांचं पान मांडून ठेव. तो म्हणाला, "बघू या." त्या 'बघू या'नं माझं डोकं आधीच तापलं होतं.

आई गेल्यापासून बाबा चोपड्याजवळच्या आमच्या घरात एकटे. एकटे म्हणजे ते आणि कुत्रा. पावसाळ्याच्या शेवटी वळणावरच्या वाळूत त्यांची स्कूटर घसरली, डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलात डोळे तपासल्यावर कळलं की या माणसाला समोरून येणारी बससुद्धा धड दिसत नाही. इतकी वर्षं अंदाजानं स्कूटर चालवत होते! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना एकटं ठेवू नका, आणि स्कूटरची चावी तर हातात देऊच नका. मग मी विनवण्या केल्या, भांडले, रडले, फोन आपटला. शेवटी बाबा म्हणाले, "कुत्रो येतलो तर मी येतंय. वाटेत त्याका काय झाला, तर मी थयच उतारतलंय. मगे माका परत बोलवू नको." ते म्हणतात ते करतात. उन्हातान्हात एका हातानं दुखऱ्या हाताची गळपट्टी सावरत चोपड्यापर्यंत चालत गेले असते, पण माझ्या गाडीत परत बसले नसते.

म्हणजे बाबा माझ्या घरी येणार की त्या रिकाम्या घरात एक दिवस कुणाला न कळता पडून राहणार, हे त्या तपकिरी कुत्र्यावर ठरायचं होतं. कर्म माझं!

त्याला गाडी माहीतच नव्हती. त्याला स्कूटर माहीत होती. पिल्लू असताना बाबांनी त्याला आपल्या दोन पायांच्या मधे, स्कूटरच्या सपाट फळीवर उभं केलं ते कायमचं. आमच्याकडे असे कुत्रे गावोगाव दिसतात, तोंड हँडलखालून बाहेर आणि अंग मालकाच्या पोटऱ्यांमधे घट्ट. बाबा मासे आणायला निघाले की हा त्यांच्याआधी फळीवर हजर. हरमलकडे जाणारे परदेशी लोक थांबून फोटो काढायचे, आणि बाबा असे ताठ बसायचे की जसा काही फोटो त्यांचाच. मी कितीदा ओरडले, बाबा, एक दिवस दोघंही पडाल. तर म्हणायचे, "थय तो सुरक्षित आसा. माझ्या पायांत."

मी मात्र सगळं विचारून, वाचून आले होते. म्हापशातून छातीवरून घालायचा पट्टा आणला होता, त्याची आखूड दोरी मागच्या सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची. गळ्याच्या पट्ट्याला बांधायचं नाही, कचकन ब्रेक लागला तर मान मोडते. डोकं खिडकीबाहेर काढू द्यायचं नाही. मोकळा तर मुळीच सोडायचा नाही. निघण्याआधी पोटभर खायला घालायचं नाही. हे बाबांना मी फोनवर चारचारदा सांगितलं होतं, आणि बाबांनी सकाळी त्याला बांगड्याचं डोकं घालून भात चारला होता.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"पयल्यांदाच दुसऱ्याच्या घराक जाता तो. उपाशी न्हेतंस?"

दुसऱ्याचं घर! तोंड उघडलं असतं तर प्रवास अंगणातच संपला असता.

शेवटी मीच कुत्र्याला उचललं. चांगला जड, वर हातापायांची नुसती झटापट. माझ्या हातावर ओरखडे उठले, पण तो मागच्या सीटवर गेला आणि खाचेत दोरी कट्ट करून बसली. तो थरथरत होता. बाबा दारापाशी येऊन म्हणाले, "बांधतंस कशाक? तो काय चोर आसा?" मग घराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां वाटेक लागतत. दोन पायांची दोन, चार पायांचा एक. बोलूक येता त्यांचा आयक, येना नाय त्याचाय आयक. वाटेत काय आडवा येत तर बाजूक कर म्हाराजा." मी चावी हातात धरून म्हटलं, "व्हय म्हाराजा." दुसरं काय म्हणणार? मला स्वतःलाच भीती वाटत होती.

निघालो. शिवोलीचा पूल येईपर्यंत कुत्रा एका सुरात रडत होता. भुंकणं परवडलं, पण हे रडणं म्हणजे कानात सुई घालून फिरवल्यासारखं. जीभ बाहेर, लाळ सीटवर, पाय घसरत होते. मधेच उठायचा, दोरी ताणायचा, परत पडायचा. मी आरशात बघायचे, मग रस्त्याकडे बघायचे. पुलावर भाड्याच्या स्कूटरी अंगावर येत होत्या, कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून.

"जनेल उघड गो. त्याका वारो लागांदी," बाबा म्हणाले.

"एसी लावलाय. काच उघडायची नाही."

"गुदमारता तो."

"नाही गुदमरत. घाबरलाय. घाबरू दे थोडा. माणसं नाही घाबरत?"

माझ्या घरी यायला तयार झालेला माणूस मिनिटामिनिटाला हातातून सुटतोय असं मला वाटत होतं. प्रत्येक वळणावर ते मान वळवून मागे बघायचे, प्रत्येक खड्ड्याला तोंडानं 'च्च' करायचे. मी गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे लोक हॉर्न वाजवून वैतागले. वाजवा, म्हटलं. तुमच्या गाडीत माझे बाबा नाहीत.

म्हापशाच्या बाहेर बाबांच्या गोळ्या घ्यायला थांबावं लागलं. दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. गाडी चालू ठेवली, एसी चालू ठेवला, हँडब्रेक ओढला, बाबांना सांगितलं, "दार उघडू नका, काच उघडू नका, त्याला हात लावू नका." ते म्हणाले, "व्हय गो बाय." इतक्या लवकर ते कधी हो म्हणत नाहीत. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी दुकानात उभी असताना त्यांनी उजवा हात मागे नेला आणि खाचेतलं लाल बटण दाबून दोरी सोडवली. हे मला नंतर कळलं.

परत आले तर गाडीत शांतता. कुत्रा सीटवर अंग टाकून पडलेला, दोरी त्याच्या अंगावरून आडवी. मला वाटलं, दमला बिचारा. शिकला. मी इतकी खूश झाले की बाबांच्या हातावर थाप मारली. "बघितलंत? बसला की नाही गुमान?" बाबा समोर बघत म्हणाले, "बसलो."

अस्नोड्यापर्यंत बरं चाललं होतं. बाबा थोडे बोलायलासुद्धा लागले. डिचोलीच्या बाजारात मासे कसे मिळतात, ताजे असतात की बर्फातले, असं विचारत होते. मी म्हटलं, रोज ताजे आणीन. खरं म्हणजे रोज मिळत नाहीत. पण त्या वेळी मी त्यांना समुद्रसुद्धा देऊ केला असता.

डिचोलीच्या अलीकडे रस्ता उतरतो. डावीकडे गटार आणि त्याला लागून कुंपणाचा, चिऱ्यांच्या दगडांचा गडगा, उजवीकडून वर चढणारी वाहनं. आमच्या पुढे खनिजाचा एक टिपर चालला होता, वर हिरवी ताडपत्री, मागच्या फळीवर लाल धूळ. मी अंतर ठेवून होते. गाडी तिसऱ्या गिअरमधे होती आणि उतारानं आपोआप वेग घेत होती. टिपरनं मोठा हॉर्न दिला. तेवढ्यानं कुत्रा उठला.

तो उठला हे मला कळलं तेव्हा त्याचं डोकं माझ्या कोपराखाली होतं. दोन सीटच्या मधल्या फटीतून तो पुढे घुसला होता, आणि मी "अरे, अरे!" म्हणेपर्यंत स्टिअरिंगच्या खालून माझ्या पायांत शिरला. पुढचं अंग खाली, पेडलांच्या मधे. मागचं अंग वर, बरोबर हँडब्रेकवर. थरथरत होता आणि माझ्या पोटरीला अंग घट्ट लावून उभा राहायला बघत होता. जसा स्कूटरवर उभा राहायचा तसाच.

"बाबा, त्याला ओढा! ओढा!"

बाबांनी उजव्या हातानं त्याच्या पाठीवरचा पट्टा धरून ओढला. एका हातानं कितीसं ओढणार? कुत्र्यानं अंग आणखी आत दाबलं. मी डावा पाय क्लचवर न्यायला गेले, तिथं कुत्र्याची छाती. हँडब्रेककडे हात नेला, तिथं त्याचं कमरेचं हाड. अॅक्सिलरेटर सोडलेला होता तरी उतार गाडीला ढकलत होता. आणि पुढे त्या टिपरचे मागचे लाल दिवे लागले. तो थांबत होता. त्याच्या पुढे गाड्यांची रांग होती, ती मला आत्ता दिसली.

मी ब्रेक दाबला. पेडल थोडं गेलं आणि अडलं. खाली त्याचा पंजा होता. मी आणखी दाबलं तसा तो असा किंचाळला की माझा पाय आपसूक वर आला. मी ठरवून उचलला नाही. पाय ऐकेचना.

उजवीकडे बस वर येत होती. डावीकडे गडगा. समोर टिपरची लोखंडी फळी मोठी मोठी होत चाललेली. मी देवाचं नाव घेतलं की शिवी दिली, आठवत नाही. एवढं आठवतं की माझा पाय ब्रेकच्या वर हवेत होता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, ह्याला काही झालं तर बाबा उतरणार. वेडेपणा नुसता! सगळेच मेलो असतो तर कोण उतरणार होतं? पण त्या क्षणी डोकं तसंच चाललं.

"दाब!" बाबा ओरडले.

"त्याचा पाय आहे खाली!"

"आसांदी! दाब गो चेडवा! दाब!"

मी दाबलं. सगळं वजन घालून दाबलं. पायाखाली काहीतरी मोडलं ते मला चपलेतून कळलं. कुत्र्याचं ओरडणं, टायरचं ओरडणं आणि बाबांचं ओरडणं एकाच वेळी झालं. गाडी गचके खात बंद पडली आणि तिचं नाक टिपरच्या मागच्या फळीला जाऊन टेकलं. धक्का लहान होता. बाबा पुढे झुकले आणि परत मागे आले. मग कुठंच काही आवाज नाही. कुत्रासुद्धा गप्प.

टिपरचा ड्रायव्हर धावत आला. तो बेळगावकडचा, तापलेला, "डोळे फुटले का ओ बाई?" म्हणतच आला. काचेतून त्याला माझ्या पायांतला कुत्रा दिसला तसा थांबला. "आयला," म्हणाला, "हे काय?" त्यानं माझ्या बाजूचं दार उघडून हळूहळू, एकेक पाय सोडवत, कुत्र्याला बाहेर काढलं आणि रस्त्याकडेला ठेवलं. कुत्रा तीन पायांवर उभा राहिला. चौथा वर धरलेला, त्यातून रक्त गळत होतं. मी गाडीतून उतरले. मी तिथंच गटाराच्या कडेला बसले आणि हुंदके देऊन रडले. मागून हॉर्न वाजत होते.

बाबा आपल्या बाजूनं उतरून आले होते. गळपट्टीतला हात छातीशी धरून त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात सासरी निघताना ठेवला होता, त्यानंतर आजच.

डिचोलीत जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. उरलेल्या वाटेत मी त्याला परत मागं बांधलं, दोरी ओढून ओढून तपासली. बाबा त्याच्याशेजारी मागच्या सीटवर बसले आणि आपला रुमाल त्याच्या पंजाभोवती धरून राहिले.

डॉक्टर तरुण होती. तिनं पंजा तपासला, एक्स-रे काढला, म्हणाली, दोन बोटांची हाडं मोडलीत, जुळतील, बाकी जिवाला काही नाही. पट्टी बांधता बांधता तिनं विचारलं, "हार्नेस तर चांगला आहे. लावला नव्हता का?"

"लावला होता," मी म्हटलं. "मी स्वतः लावला होता. कट्ट असा आवाज आला होता."

"मी सोडलंय त्याका," बाबा म्हणाले. "तू गोळये घेवक गेलंस तेव्हा."

बस! इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. बाहेर मांजरं, शेळ्या घेऊन लोक बसले होते. त्या सगळ्यांच्या देखत मी माझ्या बापाला बोलले. म्हटलं, तुमच्या लाडापायी आज तीन मुडदे पडले असते. म्हटलं, डोळे गेले, खांदा गेला, तरी हेका जात नाही. म्हटलं, जा, जायचं तर परत जा, मी सोडून येते, बसा त्या घरात दोघं आणि खा बांगडे. डॉक्टर पट्टी घेऊन तशीच उभी राहिली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानं उलटून बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. जे बोलू नये ते मीच बोलून बसले होते. आता ते म्हणणार, चल, सोड माका घराक. मला सोडावं लागणार.

बाहेर आलो. गाडी आंब्याखाली लावली होती, पुढचा बंपर चेपलेला. मी कुत्र्याला कडेवर घेतलं होतं, पांढरी पट्टी माझ्या ओढणीवर. बाबा पुढच्या दाराला हात लावून थांबले. आत बसेनात.

"काय झालं? घरी जायचंय ना परत? सांगा एकदाचं," मी म्हटलं. आवाज अजून चढलेलाच.

त्यांनी मान हलवली. "मी बाजूकच बसललंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या बाजूक. माझे पाय मोकळे होते. जागा होती थय." ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या हातातल्या कुत्र्याकडे बघत होते. "तो माझ्याकडे येवक नाय. तुझ्या पायांत गेलो."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाबा, त्याला काय कळतं? मुकं जनावर ते. फट दिसली तिथं घुसलं."

"कळता. सगळा कळता त्याका. चालवता कोण, ता बरोबर कळता." त्यांनी दार उघडलं, आत बसले, चष्मा काढून शर्टाला पुसला. "आता तूच सांग त्याका, खंय बसाचा ता. माझा आयकाचो नाय."

मी मागचं दार उघडलं, कुत्र्याला सीटवर ठेवलं, दोरी खाचेत अडकवली. तो उठायला लागला. मी बोट दाखवून म्हटलं, "बस."

तो बसला. पट्टीचा पाय पुढे ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत बसला. बाबा मान वळवून त्याच्याकडे बघत होते. तो त्यांच्याकडे बघेना. मग बाबांनी मान पुढे केली आणि म्हणाले, "चल."